बिनपेट्रोलची गाडी आणि गोंदियाचा पूल

पुण्यात ‘गोंदियाला चाललेय’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “ते महाराष्ट्रातच आहे ना?” दुसरा येतो, “तिथे बघायला काय आहे?” पहिल्या प्रश्नाची लाज विचारणाऱ्याला वाटली पाहिजे. दुसऱ्याचं उत्तर म्हणून हे लिहितेय.

तळी आहेत. दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडई आहे; भाजीची नव्हे, जत्रेसारखी. शिंगाडे आहेत, ते मी पोट दुखेस्तोवर खाल्ले. पण मी गेले होते एक गाडी बघायला. विजेवर चालणारी, धूर न सोडणारी, लायसन न लागणारी दुचाकी. हिच्यासाठी आमचा गट पुण्यात चौकाचौकात पत्रकं वाटतो आणि लोक त्या पत्रकांवर भेळ घेऊन खातात. २०१० सालीसुद्धा या शहराला पेट्रोलच्या धुराचा अभिमान वाटतो, त्याला मी काय करू?

संगीता पटले माझी वसतिगृहातली मैत्रीण. लग्न होऊन मुर्रीला गेली. मुर्री म्हणजे गोंदियाच्या कडेला चिकटलेलं गाव; अर्धी घरं शहरात कामाला जातात, अर्धी अजून बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान लावतात. संगीता शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. उपाशीपोटीचं रक्त असतं, वेळेत घ्यावं लागतं, वेळेत पोचवावं लागतं. नवरा तिरोड्याला नोकरीला, मोटारसायकल त्याच्याकडे. म्हणून हिने विजेची गाडी घेतली. आमचं पत्रक वाचून घेतली, हे मी अभिमानाने सगळ्यांना सांगत होते.

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. “तुझी ती गाडी दोनदा रस्त्यात मेली. लॅबचे डॉक्टर म्हनाले, आता एकदा उशीर झाला तं मोटारसायकलवाला मानूस ठेवतो. आन मामाजी म्हनून राहिले, मंडईले आमगावचा पाहुणा येते, त्याले गाडी इकून टाकतो. तू ये. येऊन सांग त्यायले.”

मामाजी म्हणजे तिचे सासरे. तिकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. गाडी गेली की नोकरी गेली, इतका सरळ हिशोब होता. मी पिशवीत पत्रकांचा गठ्ठा टाकला आणि निघाले.

स्टेशन ते मुर्री

संगीता स्टेशनबाहेर गाडी घेऊन उभी होती. पांढरी, किरकोळ अंगाची गाडी, पुढच्या फळीला नमुन्यांचा थंड डबा अडकवलेला. तिच्याभोवती रिक्षावाल्यांनी बघ्यांचं कोंडाळं केलेलं. एकाने मला गंभीरपणे विचारलं, “दीदी, इसको चाबी से चालू करते हैं या रिमोट से?” गोंदिया शहरात हिंदी ही घरचीच भाषा आहे. माणूस मराठीत वाक्य सुरू करतो, हिंदीत संपवतो आणि कुणालाही त्याचं काही वाटत नाही. पुण्यात अशा वाक्यावर चार पत्रं संपादकांना गेली असती.

मुर्रीला जाण्याआधी तिला एक रिपोर्ट रेल्वेपुलाच्या पलीकडे द्यायचा होता. गोंदियात रुळांनी शहराचे दोन तुकडे केलेत आणि दोन्ही तुकड्यांना शिवून ठेवणारा हा पूल. चढ असा की सायकलरिक्षावाले उतरून ओढतात. मी मागे बसले, पिशवी मांडीवर. सपाट रस्त्यावर गाडी गुळगुळीत पळाली. आवाज शून्य. मी मनात पत्रकाचं पुढचं वाक्य रचत होते, तेवढ्यात पुलाच्या पाऊण चढावर गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि थांबली. बॅटरी दाखवणारा शेवटचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला.

वर कठड्याशी एक फुटाण्यांचा गाडावाला उभा होता. त्याने हाक मारली, “मॅडम, फूँक मारो, फूँक! हवा निकल गई!”

आम्ही दोघी गाडी ढकलत वर गेलो. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, पुढून फुटाणेवाला सल्ले देत होता. संगीताचे कान लाल झाले होते. माझं तर सगळं अंगच.

“रिझर्व्ह लागंल म्हनलं होतं मामाजीनं,” ती म्हणाली.

“कसलं रिझर्व्ह?”

“मोटारसायकलले नसते का? कळ फिरवली का चालते घरापर्यंत. ते म्हनतेत, गाडी होय तं रिझर्व्ह असनच.”

या गाडीला असली कळ नसते. हे तिला गाडी विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. मी त्याच्या दुकानी जाणारच होते चार शब्द ऐकवायला. पण ते दुकान केव्हाच उठलेलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. विकताना हार घालून फोटो काढायचा, पेढे वाटायचे आणि विकून झालं की पसार. ज्या गावात दिवसातून दोन वेळा ‘लाइन’, म्हणजे वीज, जाते, तिथे विजेची गाडी विकताना ती कशी आणि कधी भरायची हे न सांगणं म्हणजे मी तरी फसवणूकच मानते. पत्रकात मी हे यापेक्षा मोठ्या टायपात छापणार आहे.

घरी

मामाजी अंगणात खाटेवर बसले होते. उंच, काटक, पांढऱ्या मिशा. त्यांचे पूर्वज कधीकाळी माळव्यातून इकडे आले, हे त्यांनी मला चहा यायच्या आत सांगितलं. ढकलत आणलेली गाडी बघून ते उठले. त्यांनी हँडल धरून ती डावीकडे-उजवीकडे जोरात हलवली आणि कान लावला.

“काय करताय?” मी विचारलं.

“पाहून राहिलो आत काई आहे का.”

“मामाजी, त्यात पेट्रोल नाही हो. आवाज कसा येईल?”

“तेच तं म्हनून राहिलो मी बी,” ते शांतपणे म्हणाले. “जिच्या पोटातलं आयकू येत नाई, तिच्यावर भरोसा कसा ठेवाचा?”

रात्रीच्या जेवणात चिन्नोरचा भात होता. त्याचा वास ताट यायच्या आधी येतो. सोबत लाखोळीची डाळ आणि पोपटाच्या शेंगांची भाजी. पोपट म्हणजे वाल, घाबरू नका. पुण्यात भात हा पोळीनंतर येतो. इथे भातच जेवण असतं. मी पोळीची वाट बघत थांबले तेव्हा मामाजींनी विचारलं, “काऊन वो पुनेवाली, तब्येत बरी नाई का?” तेव्हापासून आठवडाभर माझं नाव पुनेवालीच राहिलं.

सकाळची फेरी

दुसऱ्या दिवशी धुकं असतानाच आम्ही निघालो. पुण्यात बसून मत मांडणाऱ्या सगळ्यांनी एकदा ही फेरी करावी. रामनगर, सिव्हिल लाइन्स, जयस्तंभ चौकाच्या मागच्या गल्ल्या. पूल सोडला तर सगळं शहर ताटासारखं सपाट. एक टोक ते दुसरं टोक एवढंसं. वेग लागतो कुणाला? जिथे गाय, रिक्षा, तांदळाचा ट्रक आणि शाळेची पोरं एकाच रस्त्याने जातात, तिथे वेगवान मोटारसायकलवालासुद्धा आमच्याच मागे उभा होता. तो धूर सोडत उभा होता, आम्ही नव्हतो. एवढाच फरक.

आणि खरा मुद्दा पुढे आहे. पुण्यात विजेच्या गाडीची अडचण काय? माणूस तिसऱ्या मजल्यावर, गाडी खाली पार्किंगमध्ये आणि पार्किंगमध्ये प्लग लावू का विचारलं की सोसायटीच्या सेक्रेटरीचा रक्तदाब वाढतो. गोंदियात प्रत्येक घराच्या व्हरांड्यात एक बोर्ड असतो. उन्हाळ्यात त्यावर कूलर चालतो, एरवी तो रिकामा. एका आजींचं रक्त घेऊन होईपर्यंत त्यांच्या सुनेने स्वतःहून विचारलं, “ताई, गाड़ी को लगाना है क्या? लाइन है अभी.” विचारलंसुद्धा नव्हतं आम्ही! या देशात विजेची दुचाकी पहिली यशस्वी होईल ती अशा गावांत. महानगरांत नाही. लिहून ठेवा.

संगीता मात्र म्हणाली, “नाई नाई, राहू द्या.”

“का नाही म्हणालीस?” मी बाहेर आल्यावर विचारलं.

“अर्धवट कायले भराची? खराब होते.”

हे मी ऐकलं आणि तेव्हा सोडून दिलं, कारण तेवढ्यात आमच्यापुढे म्हशी आल्या. म्हशी हॉर्नला बाजूला होत नाहीत, इंजिनाच्या आवाजाला होतात. आमच्या गाडीला इंजिनाचा आवाजच नाही. संपूर्ण कळप आम्हाला आपल्यातलंच एक समजून रमतगमत चालत राहिला, आम्ही मध्ये. शेवटी संगीताने तोंडाने मोटारसायकलचा आवाज काढला. म्हशींनी वाट दिली. पत्रकात हे कुठल्या शीर्षकाखाली घालायचं, मला अजून कळलेलं नाही.

दुसरी गोष्ट पत्रकात नक्की घालणार आहे. कंपन्या हिला ‘वैयक्तिक वाहन’ म्हणतात. त्या लोकांनी मुर्रीच्या रस्त्यावर उभं राहून दाखवावं. परत येताना पहिल्याच वळणावर एक बाई चढली, डोक्यावरचं टोपलं माझ्या मांडीवर देऊन. ती उतरली तर मास्तर चढले. नाही म्हणणं हा प्रकारच नाही. पुण्यात मागची रिकामी सीट ही ज्याची त्याची खाजगी मालमत्ता असते. इथे रिकामी सीट घेऊन पायी माणसाजवळून पुढे जाणं ही शिवी आहे, आणि ती तीन पिढ्या लक्षात राहते. जाहिरातीत एका माणसाच्या वजनावर गाडी किती चालते ते सांगतात. इथे एका गाडीवर एक माणूस मी तरी पाहिला नाही.

तरीसुद्धा गाडी मरायला एवढं कारण पुरेसं नव्हतं. काहीतरी दुसरं होतं.

ढोली

ते दुसरं मला दुपारी सापडलं.

शेतात धान कापून झालं होतं, कापलेल्या पेंढ्यांचे ढीग, म्हणजे पुंजणे, रचलेले होते. नवं धान घरात यायच्या आधी मामाजी ढोली झाडत होते. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली धानाची भलीमोठी कोठी. मामाजी खांद्यापर्यंत तिच्यात शिरून केरसुणी फिरवत होते.

“तळाशी थोडं राहिलं तर काय बिघडतं?” मी विचारलं.

आतून घुमल्यासारखा आवाज आला. “जुन्या धानात सोंडे किडे असतेत. खाली मूठभर जुना राह्यला आन त्यावर नवा टाकला, का सोंडे वर चढतेत. सारी ढोली जाते. आदी पुरी रिकामी कराची, झाडाची, मंगच भराची.”

“बरोबर आहे.”

“गाडीचं बी तसंच,” मामाजी केस झटकत बाहेर आले. “मी चार्जर संगीताच्या हाती देतच नाई. सारे दिवे विझू देतो, पुरी रिकामी होऊ देतो, मंग लावतो. अर्ध्यात भरली तं खालची जुनी लाइन सडते.”

मी संगीताकडे पाहिलं. ती मान डोलावत होती! वसतिगृहात माझ्यासोबत विज्ञान शिकलेली मुलगी. पण तीही धानाच्या घरातच वाढलेली. पुरं रिकामं केल्याशिवाय भरू नये, हे तिला कुणी शिकवावंच लागलं नव्हतं.

सगळं एकदम जुळलं. या गाडीची बॅटरी शिशाची. ती पुरी रिकामी करत गेलं की दर वेळी थोडी थोडी मरते. शिवाय पुरी रिकामी झालेली बॅटरी भरायला रात्रभर वीज लागते, आणि रात्रभर वीज गोंदियात देणार कोण? मध्येच लाइन जाते, मामाजी झोपलेले असतात, पहाटे संगीता अर्ध्या भरलेल्या गाडीवर निघते. त्यावर मास्तर, टोपलं, पूल. तिथे गाडीचा काय दोष?

मी मामाजींना व्याख्यान दिलं. शिशाच्या पट्ट्या सांगितल्या, आम्ल सांगितलं, ट्रकच्या बॅटरीचं उदाहरण दिलं. पिशवीतून पत्रक काढलं. मामाजींनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि ढोलीच्या भोकाला लावून बघितलं, बसतंय का.

“कागदाले काय होते वो,” ते म्हणाले. “कागद तं त्या दुकानदारानं बी देल्ला होता.”

मी चिडले. आणखी मोठ्याने बोलायला लागले, ती माझी सवय आहे. तेव्हा संगीता मध्ये पडली. सासऱ्यांसमोर ती हळूच बोलते.

“मामाजी, आपले बैल होते नं. कल्या आन पांढऱ्या.”

“होते. त्याचं काय?”

“त्यायले तुमी पडेस्तोवर नांगराले जुपत होते का? पडला का मंग एकदाच चारा?”

मामाजी एकदम ताठ झाले. “मी? इचार गावात कोनालेबी! पटलेच्या बैलाची फासळी कोनाले दिसली असन तं सांग म्हना. येता-जाता पेंढी टाकत होतो. पानी दाखवत होतो.”

“गाडीले बी तसंच लागते. येता-जाता.”

मामाजींनी केरसुणी भिंतीला टेकवली. मिशीवरचा भुसा पुसला. गाडीजवळ गेले. या वेळी हलवली नाही, नुसतं बघत राहिले.

“म्हंजे ढोली नोहे?”

“नाई मामाजी.”

“बैल होय?”

“बैलच समजा.”

“मंग तसं सांगावं नं आदी!” ते माझ्यावर ओरडले. “ही पुनेवाली कवापासून शिसं शिसं करून राहिली!”

दोन्ही बैल म्हातारपणी गेल्यापासून त्यांचा गोठा रिकामा पडला होता. त्यात दिव्यासाठी एक बोर्ड होता. त्या संध्याकाळी गाडी गोठ्यात गेली, गव्हाणीच्या शेजारी.

पण मामाजी सहज हरणारा माणूस नव्हे. जेवताना त्यांनी अट घातली. मंडईच्या आदल्या दिवशी संगीताने सकाळची फेरी पुरी करायची, नंतर मला नाही, त्यांना मागे बसवून नागऱ्याच्या महादेवाला नेऊन आणायचं. जवळची वाट असो नसो, पुलावरून. “रस्त्यात मेली तं आमगाववाला घेऊन जाते. मंग रडाचं नाई.”

संगीता “हो” म्हणाली. तिचा घास हातातच राहिला होता.

पेंढी-पेंढी

मधले दिवस मी गोंदिया पाहिलं ते लाइन येण्या-जाण्याच्या हिशोबाने. लाइन आली की मामाजी जेवणावरून उठायचे. “लाइन आली, टाक पेंढी!” म्हणत चार्जर खोचायचे. गेली की काढून ठेवायचे. शहरात संगीताने व्हरांड्यातल्या बोर्डांना नाही म्हणणं बंद केलं. रक्त घेईपर्यंत थोडी, चहा होईपर्यंत थोडी. त्या दिवसांत गाडी एकदाही थांबली नाही आणि नमुने वेळेत पोचले. डॉक्टर काही बोलले नाहीत. संगीता म्हणाली, ते बोलले नाहीत हेच पुष्कळ.

तरी तिला खात्री नव्हती. बॅटरी आधीच मार खाल्लेली. फेरी वेगळी, मामाजींना घेऊन पूल वेगळा. मी म्हणाले, “चढेल.” ती म्हणाली, “तुले काय, तू पुन्याले जाशीन.” 

पूल

ठरलेल्या दिवशी फेरीनंतर मी एका सायकलरिक्षात बसून त्यांच्या मागे निघाले. मामाजींनी धुतलेलं धोतर, टोपी, हातात नारळ. दोन्ही पाय एका बाजूला, पाठीचा कणा सरळ. बाजारातून जाताना प्रत्येक ओळखीच्याला त्यांनी मान हलवून नमस्कार केला, जणू वरात निघालीय. ते मागे बसल्याचा एक फायदा झाला: तिसरा माणूस लिफ्ट मागायला धजला नाही.

पुलाच्या पायथ्याशी आलो. वर कठड्याशी तोच फुटाणेवाला. संगीताने मागे न बघता हँडल घट्ट धरलेलं मला दिसलं. बॅटरीच्या दिव्यांपैकी निम्मे हिरवे उरले होते.

चढ सुरू होतो तिथे मामाजींनी तिच्या खांद्यावर टिचकी मारली. “थांब.”

ती थांबली. वळून बघितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिला वाटलं, मोडली अट, विकली गाडी.

मामाजी खाली उतरले. धोतराचा सोगा खोचला. नारळ काखेत मारला.

“तू चाल पुढं. मी येतो पायी.”

“पन मामाजी, तुमीच तं म्हनाले होते, पुलावरून...”

“पुलावरूनच जाऊन राहिलो नं? चढावर बैलबंडीवाला बसून राहते का कधी? उतरतेच तो. नाई उतरला तं त्याले बैल पाळाचा हक नाई.”

गाडी एकटी संगीता घेऊन वर गेली. बिनआवाजाची, सावकाश, पण न थांबता. मामाजी मागून चालत होते. माझा रिक्षावालाही उतरला होता, म्हणून मग मीही उतरले. आम्ही तिघे एका ओळीत चढत होतो. फुटाणेवाल्याला राहवलं नाही. “क्यों चाचा, बहू ने उतार दिया?”

“तेरे घर में चढ़ाव पे बैल पे बैठते होंगे,” मामाजी दम खात म्हणाले. “हमारे में नहीं बैठते.”

वर पोचल्यावर त्यांनी गाडीच्या सीटवर सपकन थाप मारली, पाठीवर मारतात तशी, आणि उतारावर बसून नागऱ्याला गेले. नारळ फोडला. परत येताना पुन्हा उतरले, पुन्हा चालले. घरी आलो तेव्हा दोन दिवे शिल्लक होते. लाइन नव्हती. मामाजी चार्जर हातात घेऊन गोठ्याच्या दारात बसून राहिले.

आता विचारा मला, शहरात रोजच्या वापराला विजेची गाडी चालते का? चालते. सपाट गावात, व्हरांड्यात बोर्ड असेल तर, येता-जाता भरली तर आणि मागे बसणाऱ्याला चढावर उतरायची लाज नसेल तर. बॅटऱ्या संगीताला बदलाव्या लागतील, लवकरच लागतील, तेही सांगून टाकते. दुकानदाराने सांगितलं नव्हतं. आमचं पत्रक आम्ही बदलतोय.

मंडईच्या दिवशी अंगण पाहुण्यांनी भरलं. बडे म्हणजे वडे, सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या, द्रोणांतून शिंगाडे. मैदानात दंडारीची, म्हणजे तिकडच्या लोकनाट्याची, ढोलकी सुरू झाली होती. आमगावचा पाहुणा जेवून हात पुसत गोठ्याकडे गेला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “मंग पटलेजी, नेऊ नं ही?”

मामाजींनी पानाला चुना लावता लावता मानही वर केली नाही.

“कामातलं जनावर इकत नसतेत, बावा. शिंगाडे खा.”